पांगाऱ्याचा जोडा

मेहकर, १७ ऑक्टोबर १९३६

शरयू आज शाळेच्या अर्ध्या वाटेवरून परत आली. डावा जोडा गेला. लाकडाच्या तळाला टाचेपासून पुढपर्यंत फट. ओट्यावर बसून म्हणाली, "आई, बाबा असते तर—" आणि जोड्याचे पट्टे सोडू लागली. ह्यांना जाऊन सव्वा महिना झाला. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. एवढ्या दिवसांत घरात हे वाक्य कुणी पुरं केलेलं नाही.

जन्मापासून तिचा डावा पाय चार बोटं आखूड, पाऊलही आत वळलेलं. सहा वर्षांची होईस्तोवर भिंत धरून चालली. मग ह्यांनी पहिला जोडा केला. वर चामड्याचे पट्टे, खाली उंच लाकडी तळ, आणि त्या तळात तिच्या वाकड्या पावलाला बसेल असा खळगा. सुतारकामाचे मास्तर, पण पट्टेसुद्धा स्वतःच शिवले. बाजारात लोक हसले म्हणे. हसोत! त्या दिवशी ती भिंतीला हात न लावता अंगणभर फिरली. हे ओट्यावर बसून नुसते बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तर म्हणाले, "टाच जरा जड पडून राह्यली तिले."

तेव्हापासून दर दिवाळीला नवा जोडा. पोर वाढते, तळही बदलावा लागतो. यंदाची दिवाळी महिन्याभरावर आली.

१८ ऑक्टोबर

खामगावहून थोरले भावजी आले होते. चांगल्या मनानं आले, चांगलंच बोलले, म्हणूनच जास्त लागलं.

"सत्यभामा, डिसेंबरअखेर मी येतो. दोघीजणी चला तिकडं. दोन घास आमच्यात जड नाहीत."

मी विचारलं, "शरयूची शाळा?"

"तिले तिथं चालायचं कामच काय? माडीवर बसंल, वाती वळंल, पोथी वाचंल. सुखात राहील पोरगी."

सुखात. ते खरंच तसं मानतात. माणूस वाईट नाही. 'कारकुनाच्या घरात हा सुतार कुठून निपजला,' असं ह्यांना आयुष्यभर हिणवलं, आणि चितेजवळ लहान मुलासारखे रडलेही तेच.

पण ज्या मुलीला ह्यांनी चालती केली, तिला माडीवर बसवायची?

आज मनाशी ठरवलं ते इथं लिहून ठेवते. शरयू आपल्या पायांनी शाळेत जाऊ लागली, तर मी खामगावला जाणार नाही. शिवण शिवेन, दोघींचं भागेल. आणि ती नाहीच चालली, तर कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

२५ ऑक्टोबर, दसरा

यंदा घरात सण नाही. तरी ह्यांची हत्यारं पुसली, पाटावर मांडली, दोन फुलं वाहिली. रंधा, पटाशा, करवत. लाकूड तासायची पटाशी पदराच्या टोकानंच उचलली. एकदा मी पटाशीनं तुपाचा डबा उघडला होता. दिवसभर बोलले नव्हते. रात्रीचं जेवण झाल्यावर एवढंच, "उद्या भाजी मी रंध्यानं चिरतो, चालंल?" — आणि मग दोघंही हसत सुटलो होतो.

संध्याकाळी हबीब आला. आपट्याची पानं माझ्या हातात न देता हत्यारांपुढं ठेवली आणि उभा राहिला. ह्यांचा सगळ्यात जुना विद्यार्थी. आता वर्ग त्याच्याकडेच आला आहे. त्याची आई इमामबी आमच्या मागच्याच गल्लीत राहते, म्हणून तो लहानपणापासून घरातला.

ह्यांच्या वर्गाची एक रीत होती. मुलानं पहिली वस्तू करायची ती पोळपाट, आपल्या आईसाठी. आणि पास की नापास ते मास्तर ठरवणार नाहीत! आईनं लाटून बघायचं आणि निरोप धाडायचा. गावातल्या किती बायकांनी असे निरोप धाडले असतील. हबीबचा पहिला पोळपाट डुगडुगत होता. इमामबीनं तो उचलून गल्लीत भिरकावला आणि आमच्या दाराशी येऊन ओरडली होती, "मास्तरसाब, इसपे रोटी नहीं, मेरा सर लाटना पडेगा!" ह्यांनी तिला वाकून नमस्कार केला. म्हणाले, "बरोबर आहे, नापास." पुढचे तीन पोळपाट तिनं नापास केले. पाचवा आजही वापरते.

मी फुटका जोडा हबीबपुढं ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला.

"बाई, फिकर नका करू. दिवाळीच्या आत करतो. मास्तरच्या पोरीचं काम हाय!"

२९ ऑक्टोबर

आज सकाळी शरयूची वेणी घालताना माझा हात थांबला. हे काम ह्यांचं होतं. शाळेत जायच्या आधी हे ओट्यावर बसत, ती पायरीवर, आणि वेणी चालायची. कौशल्याबाई समोरच राहतात, त्यांच्या जिभेला हाड नाही. "काऊन हो मास्तर, बायको आंधळी हाय काय तुमची?" हे म्हणत, "कौशल्याबाई, तीन पेड सारखे धरायचे, हे कारागिराचंच काम आहे. तुमच्या पोरीलेही बसवा, गाठ फुकट!" आणि एके दिवशी त्यांनी खरंच आपली पोर आणून बसवली.

एकच गोष्ट ह्यांच्या स्वभावाबाहेरची होती. दृष्ट, नजर, उतारा, कशावर म्हणून विश्वास नव्हता. माझ्या मीठ-मिरच्यांना हसायचे. पण नवा जोडा घालायच्या दिवशी माझ्याकडे काजळाची डबी मागायचे आणि शरयूच्या पावलाला काजळ लावायचे. तान्ह्या मुलाच्या तळपायाला तीट लावतो ना, तसं! नुसता ठिपका नाही, चांगलं फासायचे. शरयू गुदगुल्यांनी ओरडायची, ह्यांचे हात काळे, नाक काळं. मी म्हणायची, "का हो, एवढे शहाणे तुम्ही, आणि तेरा वर्षांच्या घोडीला तीट?" हे हसत. होय म्हणत नसत, नाही म्हणत नसत.

मला फार बरं वाटायचं तेव्हा. वाटायचं, लेकीपुढं ह्यांचं शहाणपण हरतं.

डबीही बरीच लागायची. महिन्यात रिकामी! "खाता की काय?" म्हटलं तर म्हणत, "हत्यारांना लागते." रविवारी खांद्याला पिशवी लावून सुलतानपूर-डोणगावकडे निघत, लाकूड बघायला. बहुतेक रिकाम्या हातांनीच परत. मी चिडवायची, "वऱ्हाडातलं लाकूड संपलं वाटतं."

३ नोव्हेंबर

गेल्याच्या आधीचा आखूड जोडा घालून शरयू जात होती; आज शाळेत गेली नाही. कालही नाही. विचारलं तर म्हणाली, पोट दुखतं.

११ नोव्हेंबर

हबीबनं जोडा आणला. केवढा देखणा! सागवानाचा तळ, आरशासारखं पॉलिश, बाजूला कोरलेलं कमळ. वर्गातल्या सगळ्या मुलांनी हात लावला म्हणे. हबीबच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

शरयूनं घातला. चार पावलं टाकली. "छान आहे, हबीबभाई."

मी तिचे ओठ बघत होते. खालचा ओठ दातांत होता.

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आमच्याकडे फराळ नाही. पण कौशल्याबाईंनी ताट आणलं, इमामबीनं आणलं, आणखी तीन घरांतून आलं. प्रत्येकीनं जाताना पोळपाटाचं काहीतरी सांगितलं. अजून तोच आहे. अजून हलत नाही. लेकीच्या सासरी दिला. ह्यांना एवढं कधी कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर हे उठून आत गेले असते.

संध्याकाळी शरयू कौशल्याबाईंबरोबर बालाजीच्या देवळातले दिवे बघायला गेली. परतताना कौशल्याबाईंनी तिला पाठुंगळी आणलं. एवढी मोठी मुलगी! "जोडा हाय का जातं वं हे? पोरीची मांडी भरून आली!"

सागवान. जड. ह्यांचं पहिलं वाक्य आठवलं.

१६ नोव्हेंबर

हबीबला सांगणं भाग होतं. सागवान जड पडतं, असं सांगितलं. त्यानं जोडा उलटा करून बघितला.

"बाई, जुना तळ पांगाऱ्याचा हाय, हे मले दिसलं होतं. पन पांगारा! त्याले कोनी चुलीत नाही घालत. म्या म्हटलं, मास्तरनं आपल्या घराले कधी चांगलं लाकूड वापरलंच नाही, सारं वर्गाले दिलं. त्याईच्या पोरीले तरी पांगाऱ्याचं काऊन? गावात आमचीच लाज."

मला रडू आलं आणि हसूही. काय चूक केली पोरांनी! प्रेमानं केलेली. पांगारा हलका असतो म्हणून ह्यांनी तो निवडला होता, आणि ह्यांच्या मुलांना वाटलं, मास्तरांनी मन मारलं.

त्याला पाणी विचारलं. "रोजा हाय, बाई." कालपासून रोजे सुरू झाले, विसरलेच होते. तोंड सुकलेलं, तसाच उठला. "पांगारा तोडून आनतो. आठ दिवस द्या."

२२ नोव्हेंबर

पांगाऱ्याचा जोडा हबीबनं तिसऱ्याच दिवशी आणला. हलका, फुलासारखा. शरयू दोन दिवस शाळेत गेली! तिसऱ्या दिवशी पावलाच्या बाहेरच्या अंगाला फोड. आज तो फुटला. अंगात कणकण आहे.

हबीबनं अंदाजानं तासलं. दुसरीकडे टोचू लागलं. पुन्हा तासलं. आणखी तिसरीकडे. "माप तर जुन्याचंच घेतलं हो!" — पण पाऊल जुनं कुठं राहिलं आहे? वर्षभरात वाढलं, आणखी थोडं वळलं.

त्यानं पटाशी फडक्यात गुंडाळली. म्हणाला, "वर्गात मास्तरनं सारं शिकवलं. हे एक शिकवलं नाही. हे घरी करत होते."

हो. घरी करत होते. माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी काय बघत होते?

२४ नोव्हेंबर

भावजींचा निरोप. अठरा डिसेंबरलाच येतील. सामान बांधून ठेवा.

२७ नोव्हेंबर

हे आजच लिहून ठेवते.

दुपारी हबीबनं परत आणून दिलेला ह्यांचा जुना फुटका तळ घेऊन बसले होते. काही करायचं नव्हतं, नुसता मांडीवर ठेवला होता. फट अंगठ्यानं जरा उघडली तर लाकडाच्या आत काळं. खळग्यात सगळीकडे काळं, रेषारेषांत मुरलेलं. मला वाटलं घाण असेल. पदर ओला करून पुसलं. निघेना. तेलकट.

काजळ!

मग एकदम सगळं दिसलं. हे पावलाला काजळ फासायचे आणि पाऊल लगेच खळग्यात ठेवायचे. "दाब. अजून दाब. उचल." पाऊल उचललं की आत वाकून बघायचे. जिथं काळं उमटलं असेल तिथं पटाशीचा एक हलका हात. पुन्हा काजळ. पुन्हा दाब. शरयू खिदळते आहे, मी पोळ्या करते आहे, आणि हे काळ्या नाकानं पुन्हा वाकले आहेत. जिथं लाकूड पावलाला टोचतं, तिथंच काळं उमटतं. सगळ्या खळग्यात सारखं उमटलं की जोडा बसला!

ते दृष्टीसाठी नव्हतंच.

माप घेत होते. मी शेजारी उभी राहून ह्यांना वेडं म्हणत होते, आणि ह्यांनी मला म्हणू दिलं. आता कळतं, मला त्यात किती सुख वाटत होतं ते ह्यांना दिसत असणार. ते मोडायचं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

घरात काजळ नाही. माझी फणेरपेटी तेराव्यालाच जाऊबाई खामगावला घेऊन गेल्या. आरसा, करंडा, काजळाची डबी, सगळं. आता तुला काय लागतं, म्हणाल्या. खरंच होतं ते.

कंदिलाच्या काचेची काजळी लावून बघितली. उडून जाते, ठसा धरत नाही. काजळच हवं. एरंडेलाचा दिवा लावला, त्यावर काशाची वाटी उपडी घातली. माझ्या आईनं शिकवलं तसं. लोण्यात खलायला बसले तेवढ्यात कौशल्याबाई दारात.

"माय वं! तीन महिने नाही झाले मास्तरले, अन् तू काजळ पाडून राह्यली? लोकं काय म्हनतील?"

मी बोट पुढं केलं. "कौशल्याबाई, हे डोळ्यांत नाही घालायचं. पायात घालायचं आहे."

मग सांगितलं. ऐकून तिथंच बसल्या, वाटी ओढून घेतली. "सरक तिकडं. तुले खलता येते काय? गोळे ठेवले सारे."

२९ नोव्हेंबर

हबीबला बोलावलं. शरयूच्या पावलाला मीच काजळ फासलं. तोच बोटांखालचा स्पर्श ह्यांच्या हातांना होत असेल! तिनं दाबलं, उचललं. खळग्यात एका जागी रुपयाएवढा काळा डाग. हबीबनं त्या डागावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "या अल्ला. मास्तर!"

एका बैठकीत होत नाही. जखम भरेपर्यंत फार दाबताही येत नाही. रोज थोडं थोडं.

६ डिसेंबर

आज खळगाभर सारखं काळं उमटलं. हबीबनं पटाशी खाली ठेवली.

७ डिसेंबर

शरयू शाळेत गेली. मी दाराआड उभी राहून तिची चाल ऐकत होते. एक पाऊल, दुसरं पाऊल, आवाज सारखा. संध्याकाळी आल्याबरोबर भूक भूक! मी विचारलं, "जोडा?" तर म्हणते, "कोणता जोडा? अगं हो, ते मी विसरूनच गेले होते!"

एवढंच ऐकायचं होतं.

१५ डिसेंबर

ईद. इमामबीनं शीरखुर्मा पाठवला नाही, स्वतः घेऊन आली. शरयूला अंगणात चालायला लावलं. एकदा, दोनदा. मग हबीबच्या पाठीत धपका. "पास!"

१८ डिसेंबर

भावजी आले. शरयू त्यांच्यासमोर चालली. डोळे पुसले त्यांनी. मला वाटलं, मी जिंकले.

पण रात्रीच्या जेवणानंतर शांतपणे बोलले. "सत्यभामा, यंदा झालं. आनंद आहे. पण पुढच्या दिवाळीले? पोरीचा पाय वाढंल, हबीबच्या मागं वर्ग आहे, त्याचा संसार होईल. तू एकटी बाई, शिवणावर कसं धकवशील? एका जोड्यासाठी साऱ्या जन्माचा जुगार खेळतं काय कोणी?"

हे असते तर तेही कदाचित म्हणाले असते, भाऊ बरोबर सांगतो. ते भावाचा शब्द मोडत नसत.

मी हो म्हटलं.

१९ डिसेंबर

सामान बांधलं. ह्यांची हत्यारं हबीबला दिली. शरयू जोडा घालून घरभर फिरत होती, नुसती फिरत होती. उद्या सकाळच्या मोटारीनं निघायचं.

२० डिसेंबर

सकाळी ट्रंका ओट्यावर काढल्या होत्या. भावजी घाई करत होते. तेवढ्यात सुलतानपूरकडची एक बाई फाटकाशी आली, कमरेवर पाच-सहा वर्षांचा मुलगा. घामाघूम. विचारलं, "काजळवाल्या बाईचं घर हेच हाय का?"

मी म्हटलं, कोण काजळवाली?

"मास्तर येत होते न आमच्याकडं, रविवारी. माह्या पोराले जोडा करत होते, अन् डोनगावच्या त्या दोन पोरीलेही. आम्ही म्हटलं, हात मोठा गुनाचा हो तुमचा. तर म्हने, हात काही नाही, काजळ आमच्या घरचं असते म्हनून जोडा बसते. ते गेले हे आम्हाले आता कळलं. पोराचा पाय टोचून राह्यला, बाई. म्हनून म्हटलं, काजळवाल्या बाईकडंच जाव."

मुलाचा डावा जोडा मी हातात घेतला. पांगारा. आत काळं.

शरयू धावत हबीबकडे गेली. पळत! भावजी तिच्याकडे बघत उभे राहिले. मग स्वतःची पिशवी तेवढी उचलली आणि म्हणाले, "मोटार निघंल. येतो मी."

ट्रंका परत आत घेतल्या. काशाची वाटी अगदी तळाशी गेली होती, सगळे कपडे बाहेर काढावे लागले.